शलमोन राजाची मंदिर-समर्पणाची प्रार्थना

यरुशलेमचें पहिलें मंदिर बांधावयास सात वर्षें लागलीं. सोरचा राजा हीराम यानें त्यासाठीं लबानोनांतील गंधसरू पुरविले. मंदिर ६० हात लांब, २० हात रुंद व ३० हात उंच होतें. म्हणजे लांबी सुमारें २७ मीटर, आपल्याकडील कित्येक जुन्या चर्चइमारतींहून कमीच!

त्याच्या समर्पणाची हकीकत राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या आठव्या अध्यायांत आहे. (जुन्या लॅटिन बायबलांत हाच ‘तिसरा’ ग्रंथ.) २२,००० बैल व १,२०,००० मेंढरें यांचा यज्ञ झाला, असें तेथें लिहिलें आहे. हे आंकडे वाचून डोळे दिपतात खरे. पण त्या सोहळ्याचें मर्म राजाच्या प्रार्थनेंत आहे. याजकांनीं कराराचा कोश आंत ठेविला. त्यांत दोन दगडी पाट्यांवांचून दुसरें कांहीं नव्हतें. मंदिर मेघानें भरून गेलें. मग राजानें वेदीपुढें आकाशाकडे हात पसरले. प्रार्थना संपली तेव्हां तो गुडघे टेकून होता.

एवढें वैभव उभारणारा हा राजा त्याच दिवशीं कबूल करतो कीं, ज्या देवाला स्वर्गही पुरत नाहीं तो या घरांत मावणार नाहीं! पुढें तो शपथ, पराजय, अवर्षण, दुष्काळ व रोगराई यांविषयीं विनवितो. देवाचें नांव ऐकून दूर देशाहून येणाऱ्या परक्याचीही विनंती ऐकावी, असें तो मागतो. (याच राजाचें मन उतारवयांत परदेवतांकडे वळलें, हेंही ग्रंथकार लपवीत नाहीं.)

शेवटची विनंती सर्वांत दीर्घ आहे. पापामुळें लोक शत्रूच्या देशीं बंदिवान झाले आणि तेथून त्यांनीं पश्चात्तापानें या मंदिराच्या दिशेस तोंड करून धांवा केला, तर तो स्वर्गांतून ऐकला जावा! इ. स. पूर्वीं ५८७ च्या सुमारास नबुखद्नेस्सराच्या सैन्यानें हें मंदिर जाळलें. प्रार्थनेच्या या भागास त्या बंदिवासाच्या काळांतच आजचें रूप आलें, असें पुष्कळ अभ्यासकांचें मत आहे. तसें असेल तर हे शब्द प्रथम ज्यांच्या कानीं पडले त्यांस मंदिरच उरलें नव्हतें. दिशा तेवढी उरली होती. दानिएलाच्या ग्रंथांतही बाबेलांतील त्याच्या माडीच्या खिडक्या यरुशलेमकडे उघडतात.

चर्च-समर्पणाच्या वर्धापनदिनीं मिस्सेंत या प्रार्थनेचा आरंभीचा भाग वाचतात. परक्याचा व बंदिवासाचा भाग त्यांत येत नाहीं. ज्यांचीं मुलेंबाळें पोटासाठीं दूर देशीं आहेत, त्यांनीं एकेचाळीसाव्या ओवीपासून पन्नासाव्या ओवीपर्यंतचा भाग घरीं अवश्य वाचावा.