निगेटिव्हच्या कडेवरची चार अक्षरे

२०११ साली पानशेतच्या पुराला पन्नास वर्षे झाली. त्या निमित्ताने निघालेल्या एका स्मरणिकेला मी घरातले एक छायाचित्र दिले होते. नारायण पेठेतला पडलेला वाडा, तग धरून राहिलेली एकच चौकट आणि मातीच्या ढिगाऱ्यावर बसून तांब्याची भांडी मोजणारी दोन माणसे. खालची ओळही मीच लिहून दिली : 'पानशेतच्या पुरानंतर, जुलै १९६१'. छायाचित्र माझ्या काकांनी काढलेले होते आणि ते पुराचे आहे हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होते.

ती ओळ चूक आहे. पेठेतल्या आणखी दोघांनी ती माझ्या भरवशावर पुढे वापरली, म्हणून हा खुलासा.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून कागदपत्रे वाचायला शिकलो. छायाचित्रे 'वाचायची' असतात हे त्याहून उशिरा कळले. काका गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी माझ्याकडे आली. तीत निगेटिव्हची पाकिटे, रोल धुवायची टाकी आणि एक वही. वहीच्या मलपृष्ठावर डी-७६ या डेव्हलपरचे माप होते : एक लिटर पाण्याला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. हे कोडॅकचे १९२७चे सूत्र. तयार पुडी महाग किंवा मिळत नाही, म्हणून काका सुटी रसायने आणून तराजूवर तोलत. पन्नाशीला आल्यावर मीही ते करून पाहिले. न्हाणीघराच्या झरोक्याला काळा कागद चिकटवला आणि एप्रिलमधले पाणी वीस अंशांवर आणण्यासाठी बर्फ आणला. पहिला रोल बिघडला. दुसरा दोरीवर वाळत घातला, तेव्हा चित्रांच्या बाहेर, फिल्मच्या कडेला कंपनीचे नाव उमटलेले दिसले. ही अक्षरे कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेली असतात. रोल धुतला की चित्राबरोबर तीही वर येतात. कागदावरच्या प्रतीत ती येत नाहीत, कारण छापताना कडा झाकली जाते.

तसाच उठून काकांचे पाकीट काढले. पडक्या वाड्याच्या निगेटिव्हची पट्टी उजेडाला धरली. कडेला लिहिले होते ओ-आर-डब्ल्यू-ओ, ऑर्वो.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीची फाळणी झाली आणि अ‍ॅग्फाचीही. वोल्फेनचा फिल्म कारखाना पूर्वेत राहिला, लेव्हरकूझेनचा पश्चिमेत, आणि 'अ‍ॅग्फा' हे नाव कोणाचे यावर भांडण झाले. अखेर १९६४मध्ये वोल्फेनने स्वतःसाठी नवे नाव घेतले : 'ओरिजिनल वोल्फेन', म्हणजेच ऑर्वो. पूर्व जर्मनीशी आपला व्यापार रुपयांत चाले, म्हणून परकीय चलनाच्या टंचाईतही हा माल इथल्या दुकानांत दिसे. (उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे उत्पादन १९६७मध्ये सुरू झाले; त्यांची 'इंदू' फिल्म काकांच्या पाकिटांत पुढे भेटते.) मुद्दा एवढाच की, १२ जुलै १९६१ला पानशेत आणि खडकवासला ही धरणे फुटली, त्या दिवशी ऑर्वो नावाची फिल्म जगात कुठेच नव्हती.

पट्टीवर एकूण चार चित्रे आहेत. वाड्याच्या आधीच्या दोन चित्रांत माझा चुलतभाऊ गणपतीपुढे आरतीचे ताट धरून उभा आहे. त्याचा जन्म १९६३चा, आणि चित्रात तो चांगला चार वर्षांचा दिसतो. सुटी छापील प्रत हाती असताना हे शेजार दिसणे शक्यच नव्हते. वहीत या रोलसमोर काकांनी लिहिले आहे : 'गणपती. समोरचा वाडा उतरवला.' पुराने खिळखिळा झालेला वाडा पाच-सहा वर्षे टेकू देऊन उभा होता. नंतर तो पाडला. म्हणजे छायाचित्रात पूर नाही, पुराची उशिरा आलेली वसुली आहे. मला विचाराल तर पेठांच्या इतिहासासाठी हे छायाचित्र आता अधिक मोलाचे ठरते. वाहून गेलेले वाडे सगळ्यांनी सांगितले, मागाहून उतरवलेले फारसे कोणी टिपले नाहीत.

हौशी माणसाच्या कामाला पुरावा म्हणून आपण कमी लेखतो, हे मला कधीच पटलेले नाही. मुंबईत छायाचित्रण रुजले तेच हौशी लोकांच्या हातून. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ची, डॉ. भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू नारायण दाजी तिचे सभासद. १८५६पासून जॉन्सन आणि हेंडरसन यांनी जे मासिक काढले, त्याच्या नावातच 'अमॅच्युअर' हा शब्द होता आणि त्यात छायाचित्रांच्या खऱ्या प्रती चिकटवलेल्या असत. काचेला द्रावण लावायचे आणि ती ओली असेतो चित्र घेऊन धुवायचीही, असा तेव्हाचा खटाटोप. न्हाणीघरात बर्फ घेऊन बसणारे माझे काका त्याच वंशातले. फरक एवढाच की त्या मासिकाला संपादक होते, आणि काकांच्या चित्रांना ओळी लिहिणारे आम्ही घरचे.

काकूला सांगणे कठीण गेले. ती पंच्याऐंशीची आहे. सगळे ऐकून तिने विचारले, "म्हणजे ते खोटं बोलले असं म्हणायचंय का रे तुला?"

"नाही काकू. त्यांनी कुठेच पानशेत लिहिलेलं नाही. फोटोच्या मागचं अक्षर तुझं आहे."

तिने प्रत उलटी करून पाहिली, चष्मा लावून पुन्हा पाहिली. मग म्हणाली, "लोक विचारायचे, पुराचा फोटो आहे का. हा पडका वाडा होता, मी दाखवायचे. ते नुसते बघत बसायचे, काही बोलायचे नाहीत." थोड्या वेळाने, "मग पुराचा एकही नाही आपल्याकडे?"

एकही नाही. काकांची वही पुरानंतर नव्याने सुरू केलेली आहे. पहिल्या पानावर १ ते १९ क्रमांकाचे रोल एकाच शाईत, एका बैठकीत, आठवून लिहिले आहेत : बहिणीचे लग्न, सिंहगड, आईचा एकटीचा फोटो. निगेटिव्हवरचा थर जिलेटिनचा. दिवसच्या दिवस चिखलपाण्यात राहिला की तो फुगतो आणि सुटून येतो. त्या एकोणीस नोंदींपुढे 'गेला' असा एकच शब्द आहे, फक्त शेवटची नोंद वेगळी आहे : '१९. पालखी. कॅमेऱ्यातच होता.'

त्याखाली दोन ओळी कोऱ्या सोडून २० क्रमांकाचा रोल सुरू होतो. तारीख डिसेंबर १९६५ची.