काउपरचा टाउन हॉल आणि हॉकिन्सची टाकसाळ

मुंबईच्या फोर्ट भागात शहीद भगतसिंग मार्गावर ग्रीक वळणाच्या दोन जुन्या इमारती हाकेच्या अंतरावर उभ्या आहेत. एक टाउन हॉल, म्हणजे आजचे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आणि दुसरी सरकारी टाकसाळ. पहिलीचा आराखडा कर्नल थॉमस काउपर याने केला, दुसरीचा मेजर जॉन हॉकिन्स याने. दोघेही ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे इंजिनिअर्स या लष्करी पथकातले अधिकारी होते. इमारती बांधणे हा अशा अधिकाऱ्यांच्या नोकरीचाच एक भाग असे.

ग्रीक शैलीची लाट त्या वेळी इंग्लंडात जोरात होती. स्टुअर्ट आणि रेव्हेट यांनी अथेन्समधल्या अवशेषांची मापे घेऊन केलेल्या ग्रंथाचा पहिला खंड १७६२ मध्ये निघाला. त्यातली रेखाटने समोर ठेवून हिंदुस्थानातही स्तंभ उभे राहू लागले. कलकत्त्याच्या टाकसाळीला मेजर फोर्ब्स याने अथेन्सच्या पार्थेनॉनची निम्म्या मापाची दर्शनी बाजू दिली. मुंबईत मात्र या शैलीची मोठी कामे मोजकीच झाली, आणि त्यांत ही दोन अग्रगण्य.

टाउन हॉलची कल्पना सर जेम्स मॅकिंटॉशची. मुंबईचा रेकॉर्डर असलेल्या या न्यायाधीशाने १८०४ मध्ये लिटररी सोसायटी स्थापली होती. सभागृह आणि ग्रंथालय यांसाठी एक भव्य वास्तू असावी, असे त्याच्या मनात होते. पैसा उभा करायला लॉटरी काढली, पण ती पुरी पडली नाही, आणि उरलेला भार अखेर कंपनी सरकारवर आला. काम रखडत राहिले. काउपर १८२५ मध्येच वारला आणि इमारत इतरांच्या हातून काही फेरफारांसह १८३३ मध्ये पुरी झाली.

रस्त्यावरून पाहताना सगळ्यात आधी नजरेत भरतात त्या तीस पायऱ्या. त्या चढून गेल्यावर समोर आठ डोरिक स्तंभ येतात, अंगभर उभ्या खाचा असलेले आणि ग्रीक रीतीप्रमाणे बैठकीशिवाय थेट जोत्यावर टेकलेले. हे स्तंभ इंग्लंडहून जहाजाने आणले. त्यांतले जास्तीचे भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्चला दिले, असे सांगतात. बाहेर असा कडक डोरिक बाणा, तर आतल्या दालनात पानाफुलांचे नक्षीदार कॉरिंथियन स्तंभ. खिडक्यांना लाकडी झिलमिल्या आहेत. मुंबईच्या हवेपुढे अथेन्सचा नियम चालणारच नव्हता.

हॉकिन्सपुढचा प्रश्न निराळा होता. त्याला वाफेच्या यंत्रांसाठी घर बांधायचे होते. यंत्रे बोल्टन आणि वॉट यांच्या कारखान्याची. त्यांचे वजन, धक्के, भट्ट्यांची धग आणि चांदीचा बंदोबस्त यांचा हिशेब आधी, शोभा नंतर. १८२४ ते १८२९ या पाच वर्षांत टाकसाळ उभी राहिली. दर्शनी भागाला त्याने आयोनिक स्तंभ दिले. या स्तंभांच्या माथ्यावर एडक्याच्या शिंगांसारखी वळणे असतात आणि एकूण बांधा डोरिकपेक्षा सडपातळ. हा देखावा मात्र दारापुरताच. मागे सगळा कारखाना. काउपरची इमारत देखणी आहे यात वाद नाही, पण गरज आणि रूप यांचा मेळ हॉकिन्सने अधिक सरळपणे घातला.

या टाकसाळीचे वेगळेपण मुंबईबाहेर पाहिले की अधिक उमगते. त्या काळी सारे वऱ्हाड निजामाच्या राज्यात होते. त्या राज्यात खासगी सराफ-सावकारांनाही नाणी पाडण्याचा मक्ता मिळे. पेस्तनजी मेहेरजी या पारशी पेढीवाल्याची औरंगाबादची ‘पेस्तनशाही’ नाणी १८३० नंतरच्या दशकात चालत होती. याच घराण्याच्या पेढीने १८२५-२६ च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस बैलांवर लादून मुंबईला धाडला होता. मुंबईत तेव्हा कापसाचे ढीग टाउन हॉलसमोरच्या मैदानावर, कॉटन ग्रीनवर पडत. हा बाजार १८४४ मध्ये कुलाब्याला हलला. नाण्यांकडे वळायचे तर, १८३५ मध्ये कंपनीच्या मुलखात एकच रुपया सुरू झाला आणि निजामाशी झालेल्या १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभारही कंपनीकडे आला.

दोन्ही इमारतींच्या वाट्याला आलेले आयुष्यही वेगळे. टाउन हॉलच्या पायऱ्यांवरून १ नोव्हेंबर १८५८ रोजी राणीचा जाहीरनामा वाचला गेला. आत एल्फिन्स्टन, माल्कम या गव्हर्नरांबरोबर नाना शंकरशेट यांचाही पुतळा आला. टाकसाळीची कामगिरी बंद दारांआड राहिली. १९१८ मध्ये तिथे सोन्याची सॉव्हरिन नाणीही पाडली गेली. कडक पहाऱ्यामुळे हॉकिन्सचे नाव सामान्य मुंबईकराला ठाऊक नाही, पण काउपरचे तरी कितीजणांना असेल?

त्यांच्यानंतर ही शैली मुंबईत फार टिकली नाही. १८६० नंतर किल्ल्याचा तट पाडला गेला आणि नव्या जागेवर गॉथिक इमारती उठू लागल्या. टाउन हॉलपुढच्या मैदानाभोवती गोलाकार इमारती बांधून एल्फिन्स्टन सर्कल झाले, तेच आजचे हॉर्निमन सर्कल.