पाषाण रस्त्यावरचं यीस्टचं बिऱ्हाड

रायपूरच्या सदर बाजारात जिलबीच्या पिठात नेमकं कोणतं यीस्ट शिरलं, याची चौकशी कुणी करत नाही. जिलबी फुलली की झालं. मद्यार्काच्या कारखान्याला ही बेफिकिरी परवडत नाही. मळी आंबवायला गेल्या हंगामात ज्याने चांगलं काम दिलं, तोच वाण यंदाही हवा. अशा वाणांची जपणूक करण्यासाठी १९५१ साली पुण्यात औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह, म्हणजे एनसीआयएम, सुरू झाला.

त्याचं बिऱ्हाड पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. ३ जानेवारी १९५० ला पंडित नेहरूंनी या प्रयोगशाळेचं उद्‌घाटन केलं होतं. पुढे मॅकबेन, फिंच, वेंकटरामन, टिळक असे संचालक होत गेले. रंग, बहुवारिकं, उत्प्रेरकं यांचा बोलबाला झाला. यीस्टच्या नळ्या मात्र निमूटपणे एका पिढीतून दुसरीत जात राहिल्या. हे काम दिसायला किरकोळ. लिटरभर पाण्यात माल्ट अर्क ३ ग्रॅम, ग्लुकोज १० ग्रॅम, यीस्ट अर्क ३ ग्रॅम, पेप्टोन ५ ग्रॅम. त्यात अगार घालून तिरप्या थिजवलेल्या नळीवर तारेच्या टोकाने जीव पसरायचा. दर खेपेला परका जंतू घुसायची भीती, वाण बदलायचीही. म्हणून गोठवून सुकवलेल्या काचकुप्याही ठेवायच्या. शोधनिबंधात या साऱ्या खटाटोपाची नोंद उरते ती एका वाण-क्रमांकापुरती. मला हा हिशेब अन्यायाचा वाटतो.

कारखान्याला यीस्टकडून मद्यार्क हवा होता. जीवशास्त्रज्ञांना त्याच जिवाने वेगळं कोडं घातलं. गोल पेशीला फुटवा कुठे फुटायचा, हे कोण ठरवतं? १९९० साली सीडीसी४२ हे जनुक उजेडात आलं. त्याचं प्रथिन एका जागी गोळा होतं. सीडीसी२४ हे दुसरं प्रथिन त्याला चेतवतं, बेम१ हे तिसरं दोघांना धरून ठेवतं. मग ॲक्टिनच्या तारा त्या दिशेने लागतात, नव्या भित्तिकेचा माल तिकडे वाहतो आणि फुटवा वाढतो. मानेशी सेप्टिनचं कडं बसतं. फुटवा सुटला की आईच्या अंगावर कायटिनचा वण राहतो. २००१ साली अमेरिकी संशोधकांनी दिशेशी संबंधित ६८ प्रथिनं घेऊन ती कुणाकुणाशी जुळतात ते तपासलं. १९१ जोड्या सापडल्या, त्यातल्या १२८ पूर्वी ठाऊक नव्हत्या.

दिशेच्या या प्रश्नाला पाषाण रस्त्यावरही वाट फुटली होती. मुकुंद देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेंजामिनिएला पॉइट्रासी ही दुहेरी रूपाची बुरशी हाती घेतली. ग्लुकोज भरपूर आणि तापमान ३७ अंश असेल तर ती यीस्टसारखी गोल राहून चहूबाजूंनी फुटवे काढते. २८ अंशांवर एकाच टोकाने लांबत जाऊन धागा होते. धाग्यात न बदलणारे तिचे उत्परिवर्ती वाणही त्यांनी अभ्यासले. रूप बदलताना ग्लुटामेट डिहायड्रोजनेजच्या दोन प्रकारांचं प्रमाण पालटतं, हे त्यांच्या गटाने १९९२ च्या सुमारास मांडलं. शुद्ध शास्त्राचा हा हट्ट रसायनांच्या प्रयोगशाळेला परवडतो का, असं कुणी विचारेल. माणसाला सतावणारी कँडिडा अल्बिकन्स ही बुरशीदेखील यीस्टची धागा होऊनच ऊतींत घुसते, आणि तिच्या भित्तिकेतलं कायटिन माणसाच्या पेशींत नसतं. औषध शोधणाऱ्याला नेम धरायला तेवढी फट पुरते.