कर्ज कुणाचं, हमी कुणाची?

बर्लिनच्या डालेम भागात इनेस्ट्रासवर 22 क्रमांकाची इमारत आहे. आज तिथे फ्री युनिव्हर्सिटीच्या राज्यशास्त्राचे वर्ग भरतात. 1927 साली ती कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेसाठी उघडली गेली आणि तिच्या सुरुवातीच्या वर्षांतच पुण्याच्या एक विवाहित विद्यार्थिनी तिथे कवट्यांची मोजमापं घेत होत्या. त्या म्हणजे इरावती कर्वे. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांना कवटीच्या ठेवणीत वंशभेद दिसत होता. इरावतीबाईंच्या मोजमापांनी त्याला दुजोरा दिला नाही, आणि तसं त्यांनी प्रबंधात लिहिलं.

त्यांच्या या धैर्याबद्दल अलीकडे बरंच लिहिलं गेलं आहे. पैशाबद्दल मात्र कमी बोललं जातं. सून जर्मनीला जाणार हे स्त्रीशिक्षणासाठी हयात घालवणाऱ्या सासऱ्यांना, महर्षी कर्व्यांना, पसंत नव्हतं. पती दिनकर कर्वे स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले, त्यामुळे ते पाठीशी उभे राहिले. पण घरात पैसा नव्हता. तो डॉ. जीवराज मेहतांनी कर्ज म्हणून दिला. हेच मेहता पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. थोडक्यात, ओळख होती म्हणून शिक्षण झालं.

बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट याहून वेगळी नाही. कोलंबियासाठी सयाजीरावांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, ती दहा वर्षं बडोद्याची नोकरी करण्याच्या करारावर. 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले तेव्हा सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने दिलेलं 5,000 रुपयांचं कर्ज एवढंच भांडवल होतं. 1921 मध्ये त्यांनी बॉन विद्यापीठातही नाव नोंदवलं, पदवी मात्र लंडनची घेतली. राजा, मित्र किंवा परिचित डॉक्टर यांपैकी कुणी भेटलं तर पुढे जायचं, नाही तर थांबायचं, अशी ती व्यवस्था होती.

त्याच वर्षांत जर्मनीत काय चाललं होतं? पहिलं महायुद्ध हरलेला, चलनफुगवट्याने पोखरलेला हा देश. मध्यमवर्गाची बचत वितळून गेलेली. मुलं कारखान्यात आणि खाणीत काम करून शिकू लागली, आणि ‘वेर्कस्टुडेंट’ हा शब्द रूढ झाला तो तेव्हा. आज आपली मुलं कंपनीत आठवड्याला वीस तास काम करताना हाच शब्द वापरतात. 1922 मध्ये विद्यार्थ्यांच्या स्वयंसाहाय्य चळवळीने कर्ज देणारा एक निधीही उभा केला.

त्याआधी, ऑगस्ट 1919 मध्ये, वायमार राज्यघटनेने एक वेगळंच कलम लिहून ठेवलं होतं. केंद्र, राज्य आणि नगरपालिका यांनी लोकशिक्षणाला, त्यातही फोल्क्सहोखशूलला म्हणजे प्रौढांच्या लोकविद्यालयांना, आधार द्यावा असं कलम 148 सांगतं. योगायोग असा की त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, काले या गावी, भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. तिची भिस्त लोकवर्गणीवर आणि ‘कमवा आणि शिका’वर होती. कष्ट इथेही होते आणि तिथेही. फरक एवढाच की जर्मनीत ही जबाबदारी सरकारची आहे, असं घटनेत लिहिलं गेलं. 1933 नंतर नाझींनी ही विद्यालयं आपल्या दावणीला बांधली. युद्धानंतर ती पुन्हा उभी राहिली. 2005 पासून स्थलांतरितांसाठीचे सरकारी अनुदानावरचे भाषावर्ग बरेचसे याच विद्यालयांत चालतात. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमागोमाग इथे आलेल्या कितीतरी मराठी माणसांनी ‘डेअर, डी, दास’ तिथेच गिरवलं आहे.

विद्यापीठीन शिक्षणासाठी 1957 मध्ये ‘होन्नेफ मॉडेल’ आलं. गरजू आणि हुशार विद्यार्थ्याला मदत मिळे, पण हक्क म्हणून नव्हे. तो हक्क 1971 च्या कायद्याने दिला. आपण सगळे ज्याला ‘बाफोग’ म्हणतो तो हाच कायदा, विली ब्रांट यांच्या सरकारचा. सुरुवातीला पूर्ण रक्कम अनुदान होती. 1974 पासून त्यात कर्जाचा वाटा आला. 1983 मध्ये कोल सरकारने विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसाठी ती सगळीच बिनव्याजी कर्ज करून टाकली. 1990 पासून निम्मं अनुदान, निम्मं कर्ज असा तोडगा निघाला, तो आजही चालू आहे. परतफेडीला मर्यादा आहे: 130 युरोचे जास्तीत जास्त 77 हप्ते, म्हणजे 10,010 युरो. 2022 मध्ये वयाची अटही 45 पर्यंत वाढवली गेली.

सुतार, वीजतंत्री, परिचारिका यांचं काय? त्यांच्यासाठी 1996 मध्ये ‘माइस्टर-बाफोग’ आला. 2016 पासून त्याचं नाव ‘आउफश्टीग्स-बाफोग’, म्हणजे वरची पायरी चढण्यासाठीचा. याला वयाची अटच नाही. अभ्यासक्रमाच्या शुल्कासाठी 15,000 युरोपर्यंत मदत मिळते. त्यातलं निम्मं अनुदान, उरलेलं सरकारी बँकेचं कर्ज. आणि परीक्षा पास झालात तर त्या कर्जातलंही निम्मं माफ. चाळिशीतला गवंडी माइस्टर व्हायला निघाला तर त्याच्या अपयशाचा काही भार सरकार उचलतं.

आता एक आकडा पाहा. 2024 च्या हिवाळी सत्रापासून घराबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याला बाफोगमध्ये, विम्याची रक्कम धरून, जास्तीत जास्त 992 युरो महिन्याला मिळतात. भारतातून येणाऱ्या विद्यार्थ्याला व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात. बाराने भागून बघा: 992. ज्या रकमेत इथला गरीब विद्यार्थी जगतो असं कायदा मानतो, तीच रक्कम नाशिकच्या किंवा लातूरच्या कुटुंबाने आधी उभी करायची. विद्यार्थी-व्हिसावर आलेल्याला बाफोग सहसा मिळत नाही. मग बँकेचं कर्ज निघतं, आणि तारण असतं वडिलांचं घर किंवा शेत. जीवराज मेहतांच्या जागी बँक आली, पण मूल नापास झालं तर बुडणार घरच.

जर्मनीनेही हा प्रश्न एका दमात सोडवलेला नाही. अनुदान आणि कर्ज यांच्यात पन्नास वर्षं ओढाताण चालू आहे. पण शिकणाऱ्याने सगळा धोका एकट्याने घ्यायचा नाही, हे तत्त्व टिकलं. आणि कायमच्या वास्तव्याचा परवाना हाती आल्यावर ते आपल्यालाही लागू होतं. तरीही ‘सरकारी पैसे घ्यायचे म्हणजे लोक काय म्हणतील’ म्हणून अर्जच न करणारी मराठी घरं मी पाहिली आहेत. गावाकडच्या बँकेचं दहा-अकरा टक्क्यांचं कर्ज त्यांना चालतं, इथलं बिनव्याजी नको वाटतं. इरावतीबाईंनी कर्ज घेतलं, बाबासाहेबांनीही घेतलं. त्यांना फक्त ते मागायला माणूस शोधावा लागला. आपल्याला कार्यालयाचा पत्ता ठाऊक आहे.