नक्कल

त्र्यंबकेश्वरच्या एका परिचिताचं नाव आणि फोटो लावून कुणीतरी खातं उघडलं आणि त्यावरून गावातल्या लोकांना शिवीगाळ केली. जाब विचारायला माणसं आली ती ह्याच्या दारात. तो बिचारा एकच सांगत राहिला, "ते नकली आहे हो!" तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जाईना.

मूळ अरबी 'नक़्ल'. अर्थ, एका जागेहून दुसरीकडे नेणं. अरबीत आजही वाहतुकीला 'नक़्ल'च म्हणतात. एका कागदावरचा मजकूर दुसऱ्यावर नेला की झाली प्रत. फारसीच्या वाटेने, दफ्तरातून तो मराठीत आला आणि 'नक्कल' झाला. पुढे माणसाचा आवाज, चालही उचलता येते म्हणून नकला आल्या. 'नकली'त मात्र फसवणूक शिरली.

ही फसवणूक त्र्यंबकला नवी नाही. शिवपुराणातल्या कथेत गणपती मरतुकड्या गाईचं रूप घेऊन गौतमांच्या शेतात शिरतो. गवताच्या काडीने हाकलताच गाय कोसळते आणि गोहत्येचा आळ ऋषींवर येतो. रूप एकाचं, करणी दुसऱ्याची, शिक्षा तिसऱ्याला! ते पाप फेडायला गौतमांनी गोदावरी आणली, असं कथा सांगते.

असं दुसऱ्याचं रूप घेण्याला आज कायद्याच्या मराठीत 'तोतयेगिरी' म्हणतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-डी खाली, तोतया बनून संगणकाद्वारे ठकवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बोलण्यात आता 'फेक अकाउंट'च जास्त. तहसील कचेरीत मात्र सही-शिक्क्याची 'नक्कल' अजून खरी मानतात.