छत्री, खोका आणि संकेतशब्द : दूरचित्रवाणीच्या निवडीचा इतिहास

दूरचित्रवाणीचा संच घरात आल्यापासून ‘पाहावयाचे काय’ या प्रश्नाइतकाच ‘ते घरात यावे कोणत्या मार्गाने’ हाही प्रश्न कुटुंबापुढे वारंवार उभा राहिला आहे. केबल तोडावी किंवा छतावरील डिश उतरवावी आणि केवळ आंतरजालावरून येणाऱ्या स्ट्रीमिंग सेवांवर विसंबावे काय, याचा खल आज महाराष्ट्रातील अनेक घरांत चालतो. बहुधा तो मासिक खर्चाच्या हिशेबापासून सुरू होतो व तेथेच संपतो. तथापि गेल्या पन्नास वर्षांच्या इतिहासाकडे पाहिले असता असे दिसते की, प्रत्येक स्थित्यंतरात दराहून महत्त्वाच्या दोन गोष्टी पालटल्या : निवडीचा अधिकार कोणाकडे आहे, आणि तो बजावण्यासाठी पाहणाऱ्याच्या अंगी कोणते कौशल्य असावे लागते.

पहिला कालखंड एकाच वाहिनीचा होय. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले; १९७३ मध्ये सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे त्याचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. १ एप्रिल १९७६ रोजी दूरचित्रवाणी आकाशवाणीपासून विभक्त होऊन ‘दूरदर्शन’ हे स्वतंत्र नाव रूढ झाले. या काळात निवड सर्वस्वी शासकीय यंत्रणेची होती. संच बाळगण्यासाठी परवाना काढावा लागे, आणि चाळीत ज्याच्या घरी संच असे त्याच्या दाराशी रविवारच्या चित्रपटासाठी शेजारीपाजारी जमत. प्रेक्षकाला काही ठरवावयाचे नव्हते. म्हणूनच त्याला काही शिकावयाचेही नव्हते.

दुसरा कालखंड केबलचा. १९८० नंतरच्या दशकात मुंबईतील इमारतींमधून व्हिडिओ कॅसेट एका ठिकाणी लावून तारेने घरोघर चित्रपट दाखविण्याचा व्यवसाय सुरू झाला. १९९१ मधील आखाती युद्धाच्या वार्ता उपग्रहाद्वारे थेट दिसू लागल्या, त्याच वर्षी स्टार समूहाच्या वाहिन्या आल्या आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी ही हिंदी वाहिनी सुरू झाली. हे सारे घडले तेव्हा केबलविषयी स्वतंत्र कायदा नव्हता. तो १९९५ मध्ये झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला. व्यवहारात मात्र निवडीचा काही भाग शासनाकडून निघून गल्लीतील ‘केबलवाल्या’च्या हाती आला. कोणती वाहिनी द्यावयाची व कोणत्या क्रमांकावर, हे तोच ठरवी. परंतु तो दर महिन्याला दारात येणारा, नावाने ओळखला जाणारा मनुष्य होता. त्याच्याशी भांडता येत असे आणि पैसे पुढच्या महिन्यावर टाकताही येत असत.

तिसरा कालखंड खोक्याचा. २००३ मध्ये थेट घरी येणारी उपग्रहसेवा सुरू झाली. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने मासिक शुल्क नसलेली स्वतःची सेवा आणली, तीच पुढे ‘डीडी फ्री डिश’ झाली. १ नोव्हेंबर २०१२ पासून मुंबईत केबलसाठीही संचालगतचा खोका अनिवार्य झाला. १ फेब्रुवारी २०१९ पासून नवी दरपद्धती अमलात आली. तीत पहिल्या १०० वाहिन्यांच्या जोडणीसाठी कमाल १३० रुपये व त्यावर कर, आणि सशुल्क वाहिन्यांची किंमत वेगळी, अशी रचना होती. निवड ग्राहकाकडे सोपविणे हा तिचा घोषित हेतू. परंतु शेकडो वाहिन्यांच्या याद्या चाळण्यापेक्षा कंपनीने बांधून दिलेला ‘पॅक’ घेणेच पुष्कळांनी सोयीचे मानले.

स्ट्रीमिंगचा चौथा कालखंड याच पार्श्वभूमीवर उदयास आला. हॉटस्टार २०१५ मध्ये सुरू झाले, नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये भारतात आले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जिओच्या आगमनाने डेटा स्वस्त झाला. सशुल्क उपग्रहसेवांचे सक्रिय ग्राहक २०२० च्या अखेरीस सुमारे ७ कोटी होते. २०२४ च्या अखेरीस ते ६ कोटींच्या खाली आले. हे सर्व स्ट्रीमिंगकडेच गेले असे मात्र नव्हे; त्यांतील काही फ्री डिशकडेही वळले. शिवाय नव्या व्यवस्थेत दर व मालकी स्थिर नाही. आयपीएलचे सामने २०२३ मध्ये जिओसिनेमावर विनामूल्य दिसले. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा व हॉटस्टार एकत्र होऊन ‘जिओहॉटस्टार’ झाले आणि त्या मोसमात संपूर्ण सामन्यांसाठी वर्गणीची किंवा मोबाइलच्या विशिष्ट रिचार्जची अट आली.

या स्थित्यंतरांची नोंद बोलीने आपल्या परीने घेतली आहे. ‘छत्री बसविणे’, ‘केबल तोडणे’, ‘रिचार्ज मारणे’ हे प्रयोग त्या त्या काळाचे साक्षीदार होत. ‘लाईट गेली’, ‘केबल गेली’, ‘नेट गेले’ यांत क्रियापद तेच राहते, पण तक्रार ऐकणारा मात्र पालटत जातो. पहिल्या दोहोंत तो जवळपास कोठेतरी असतो. तिसऱ्यात तो पुष्कळदा दूरध्वनीवरील ध्वनिमुद्रित आवाज असतो.

भाषेच्या दृष्टीने याहून गंभीर भेद वेगळाच आहे. केबलची वाहिनी क्रमांकाने ओळखली जाते. ज्या आजीला अक्षरओळख नाही, तिलाही आपली मालिका कितव्या आकड्यावर लागते हे पाठ असते. दूरनियंत्रकावरील तीन कळा दाबल्या की तिचे काम होते, कोणाची मनधरणी करावी लागत नाही. स्ट्रीमिंगमध्ये खाते उघडावे लागते, संकेतशब्द लक्षात ठेवावा लागतो, कार्यक्रमाचे नाव शोधावे लागते. आणि मराठी मालिकेचे नावदेखील बहुधा रोमन लिपीत टंकावे लागते. आवाजाने शोध घेण्याची सोय झाली आहे, परंतु नाव अचूक उच्चारावे लागते आणि समोर आलेल्या चित्रांतून निवड करावीच लागते. म्हणजे आकड्यांच्या साक्षरतेवर चालणारे साधन अक्षरांच्या, किंबहुना परलिपीच्या साक्षरतेवर जाते. ज्याला ती अवगत आहे त्याचे स्वातंत्र्य वाढते : हवे ते, हव्या त्या वेळी, जाहिरातीविनाही पाहता येते, आणि परदेशस्थ मराठी कुटुंबांना तर त्याने मोठेच दालन उघडले आहे. ज्याला ती अवगत नाही, त्याला मात्र आपल्याच घरात नातवाची वाट पाहावी लागते.

म्हणून केबल ठेवावी की तोडावी, या प्रश्नाला सर्व घरांसाठी एकच उत्तर नाही. घरातील सर्वांना स्वतःहून शोध घेता येत असेल व आंतरजालाची जोडणी भरवशाची असेल, तर दोन्हींचे पैसे भरण्याचे कारण उरत नाही. तशी स्थिती नसेल, तर केबलचा स्वस्त पॅक किंवा फ्री डिशची छत्री राहू देणे हे जुनाटपणाचे लक्षण नव्हे. ती घरातील एका व्यक्तीच्या स्वावलंबनाची किंमत होय. हिशेबाच्या वहीत हा रकाना सहसा नसतो, कारण हिशेब मांडणारा बहुधा तोच असतो ज्याला संकेतशब्द ठाऊक आहे.