रॅम
रॅम : संगणक चालू असताना प्रक्रियकाला लागणाऱ्या सूचना व माहिती हाताशी ठेवणारी स्मृती. तिच्यातील प्रत्येक जागेला पत्ता असतो. पत्ता दिला की कोणत्याही जागेपर्यंत जवळजवळ सारख्याच वेळात पोहोचता येते. चुंबकीय फितीसारखा हवा तो भाग येईपर्यंत थांबावे लागत नाही. वीज गेली की आजच्या बहुतेक रॅममधील मजकूर नाहीसा होतो, म्हणून जपायची माहिती डिस्कवर किंवा फ्लॅश स्मृतीत ठेवतात. संगणकाच्या इतिहासात प्रक्रियकाचे कौतुक अधिक झाले आहे. पण सूचना आणि माहिती एकाच ठिकाणी साठवणारा संगणक जलद व विश्वासार्ह स्मृतीवाचून उभाच राहू शकला नसता.

पूर्वरूपे : मँचेस्टर विद्यापीठात फ्रेडरिक विल्यम्स व टॉम किलबर्न यांनी ऋणकिरण नलिकेच्या पडद्यावर विद्युत भाराचे ठिपके उमटवून बिट साठवले. त्यावर आधारलेल्या छोट्या यंत्राने २१ जून १९४८ रोजी स्मृतीत साठवलेला कार्यक्रम चालवला. स्मृती ३२ शब्दांची, प्रत्येक शब्द ३२ बिटांचा. ठिपके विरत असल्याने ते सतत पुन्हा लिहावे लागत.

चुंबकीय गाभा स्मृती : फेराइटची बारीक कडी एका किंवा उलट दिशेने चुंबकित करून त्यात ० किंवा १ ठेवतात. कड्यांच्या जाळीतून आडव्या व उभ्या तारा ओवलेल्या असतात. प्रत्येक तारेतून गरजेच्या निम्माच प्रवाह सोडतात, त्यामुळे जिथे दोन तारा छेदतात तेवढ्याच कडीची दिशा बदलते. वाचताना कडी ० कडे ढकलतात. तीत १ असेल तर ती उलटते आणि तिसऱ्या तारेत स्पंद उमटतो. म्हणजे वाचताच मूळ मजकूर पुसला जातो व लगेच परत लिहावा लागतो. या शोधाचे श्रेय कोणा एकाला देता येत नाही. हार्वर्डमधील ॲन वँग, आरसीएचे यान राइकमान आणि एमआयटीचे जे फॉरेस्टर या तिघांची नावे घेतली जातात, आणि एकस्वांवरून वादही झाले. एमआयटीच्या व्हर्लविंड संगणकात १९५३ मध्ये ही स्मृती बसवल्यावर तिची उपयुक्तता सिद्ध झाली.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या गटाने बांधलेल्या टिफ्रॅक या संगणकात हीच स्मृती होती. १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या या यंत्रात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या आणि स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची होती. आजच्या मापाने १० किलोबाइट. पाश्चात्त्य देशांतही हे तंत्र नवे असताना मुंबईत ते उभे राहिले, ही भारतीय संगणनाच्या इतिहासातील ठळक नोंद आहे.

डीरॅम : आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ मध्ये एक ट्रँझिस्टर आणि एक धारित्र एवढ्यावर एक बिट साठवण्याची कल्पना मांडली, एकस्व १९६८ मध्ये मिळाले. इंटेलची १९७० मधील ११०३ ही १,०२४ बिटांची चिप बाजारात यशस्वी झाली, पण तिच्या प्रत्येक कोशिकेत तीन ट्रँझिस्टर होते. डेनार्ड यांची रचना पुढे ४ किलोबिटच्या पिढीत रूढ झाली.

धारित्र भारित असले तर १, रिकामे असले तर ०. हा भार काही दहा हजार इलेक्ट्रॉनांइतकाच असतो आणि तो गळत राहतो. म्हणून ओळी व स्तंभांत मांडलेल्या कोशिकांची प्रत्येक ओळ साधारणपणे ६४ मिलिसेकंदांत एकदा तरी वाचून पुन्हा भरावी लागते. वाचण्याआधी स्तंभाची तार निम्म्या व्होल्टतेवर आणतात. मग ओळीचे ट्रँझिस्टर उघडले की धारित्रातील भार तारेत उतरून तिची व्होल्टता किंचित वर किंवा खाली सरकते. संवेदी प्रवर्धक तेवढा फरक ओळखतो, वाढवतो आणि मूळ मूल्य धारित्रात परत लिहितो. येथेही वाचन म्हणजे पुसून पुन्हा लिहिणेच. उघडलेल्या ओळीतील पुढचा मजकूर लवकर मिळतो, दुसरी ओळ उघडायला वेळ लागतो. त्यामुळे ‘सारखा वेळ’ हे वर्णन डीरॅमला काटेकोरपणे लागू पडत नाही. ११०३ पासून आजच्या १६ गिगाबिट चिपपर्यंत क्षमता दीड कोटी पटींहून अधिक वाढली, पण एखादी जागा गाठण्याचा वेळ मात्र ढोबळमानाने दहापटच कमी झाला. आधुनिक संगणकातील बरीच रचना ही तफावत झाकण्यासाठीच आहे.

एसरॅम : सहा ट्रँझिस्टरांची कोशिका. त्यांतील चार परस्परांना धरून ठेवतात, म्हणून वीज असेपर्यंत पुनर्भरण लागत नाही. जलद पण जागा खाणारी. प्रक्रियकातील कॅश स्मृतीत वापरतात.

डीडीआर : घड्याळ-स्पंदाच्या चढत्या व उतरत्या, दोन्ही कडांवर माहिती पाठवणारे डीरॅम. बाजारात ‘रॅमची पट्टी’ म्हणून मिळते ती हीच. जेडेक या संस्थेने पहिले मानक २००० मध्ये व डीडीआर५ चे २०२० मध्ये प्रसिद्ध केले. या काळात व्होल्टता २.५ वरून १.१ पर्यंत उतरली. एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या खाचेत बसत नाही.

दोष : इंटेलमधील संशोधकांनी १९७० च्या दशकाअखेर दाखवून दिले, की चिपच्या आवरणातील किरणोत्सारी अंशांतून निघणारे अल्फा कण बिट उलटवू शकतात. सर्व्हरमध्ये त्यासाठी त्रुटीसुधार संकेत वापरतात. एकच ओळ वारंवार उघडल्याने शेजारच्या ओळीतील बिट उलटतात, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. कोशिका जितक्या दाट, तितका हा धोका अधिक. तो पूर्णपणे निवारला गेला आहे असे म्हणता येत नाही.

एमरॅम, एफरॅम : वीज गेल्यावरही माहिती टिकते, वापर मर्यादित.